दहावं बटन

१

पाच वाजले आणि शिट्टी झाली नाही.

मी खिडकीत बसले होते. समोर रस्ता, पलीकडे चर्चचं आवार, आवारात हॉल. दर शनिवारी बरोबर पाचला गुणवंत सर शिट्टी मारतात, स्काऊट पथकातली नऊ पोरं रांगेत उभी राहतात आणि झेंडा वर जातो. बावीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. मी रेल्वेत तीस वर्षं टी.सी. होते, इटारसी ते कटनी. वेळ चुकली की आजही माझा हात घड्याळाकडे जातो.

आणि त्या शनिवारी आणखी एक गोष्ट चुकली होती. माझ्याकडे बटन लावायला कोणी आलं नव्हतं.

हे बटनाचं प्रकरण सप्टेंबरात सुरू झालं. पथकाचे गणवेश हॉलच्या कपाटात राहतात. घरी दिले तर पोरं तेच घालून बाजारात हिंडतात, म्हणून सरांचा हा नियम. राखाडी शर्ट, निळी पँट, स्कार्फ, बेल्ट, टोपी. यातलं एक जरी कमी असलं तरी रांगेत जागा नाही, घरी जायचं. तर सप्टेंबरात प्रथमेश, त्यांचा टोळीनायक, धावत आला. "आँटी, बटन तुटलं, पाच वाजता झेंडा आहे!" मी लावून दिलं. पुढच्या शनिवारी दुसरं पोर, मग तिसरं. दार वाजायचं, पोर डाव्या खिशातून बटन काढून माझ्या हातावर ठेवायचं, मी शिवायची, ते नानकटाई खात इकडचं तिकडचं बोलायचं. दहा मिनिटांचा खेळ. पण खोटं काहून सांगू, त्या दहा मिनिटांसाठी मी शुक्रवारपासून नानकटाया भाजून ठेवायची.

त्या दिवशीही सुई ओवून ठेवली होती. सव्वापाचपर्यंत वाट पाहिली, मग चप्पल घातली आणि रस्ता ओलांडून हॉलमध्ये गेले.

पोरं भिंतीला टेकून चिडीचूप उभी होती. सर खुर्चीवर बसले होते. खाली कडक इस्त्रीची पँट, बेल्ट, पॉलिश केलेले बूट, आणि वर नुसतं बनियन. शर्ट मांडीवर. समोर तुळशीराम, चर्चचा चौकीदार, मान खाली घालून उभा.

"काय झालं, सर?"

त्यांनी शर्ट वर धरला. तिसरं बटन गायब होतं.

"बाप्पा! एवढंच न? आणा इकडे, दोन मिनिटांत लावून देते."

"बटनाचा प्रश्न नाही, रणभिसेबाई." सरांनी शर्ट परत मांडीवर ठेवला. "नऊ वेळा झालं, मी गप्प राहिलो. आज माझ्याच शर्टाला हात लावला. बावीस वर्षांत मी अपूर्ण गणवेशात उभा राहिलो नाही, आज पोरांसमोर बनियनवर बसलोय. कपडे धुतो तुळशीराम, इस्त्री करतो तुळशीराम, किल्ली तुळशीरामकडे. हा निष्काळजी तरी आहे, नाहीतर मुद्दाम करून राहिला आहे. उद्या उपासनेनंतर कमिटीपुढे ठेवतो. नोकरीही जाईल आणि मागची खोलीही."

तुळशीरामनं मान वर करून मागच्या खोलीकडे पाहिलं.

"मीटिंग किती वाजता?" मी विचारलं.

"साडेअकरा."

"मग तोवर मला वेळ द्या. तीस वर्षं विनातिकिटवाले पकडले मी. हाही पकडते."

"आणि नाही पकडलात तर?"

उत्तर तुळशीरामला माहीत होतं.

२

सरांच्या हातातला तो शर्ट मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. बटन ओढून तोडलं की कापड ताणतं, धाग्याचं टोक लोंबतं. इथं तसं काहीच नव्हतं. कोणीतरी धागा नीट कापून, तुकडेसुद्धा वेचून काढले होते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक शर्टांचं हेच. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही, नानकटायांच्या नादात होते मी. रागानं किंवा मस्तीत बटन तोडणारा एवढी काळजी घेत नाही.

सरांनी शर्ट कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मी तुळशीरामला घेऊन त्याच्या खोलीपाशी गेले.

"किल्ली कुठं असते रे तुझी?"

"ये खीले पे, दीदी. सबको मालूम है." दाराजवळ खिळा होता. कोणीही हात घालावा असा.

"इस्त्री कधी केलीस?"

"काल संध्याकाळी. आणि दीदी, इतकं सगळं होऊन राहिलं म्हणून मी स्वतः मोजले. एकेक शर्ट, सात-सात बटनं. सरांचेही सात. कसम से."

म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार चार. "आज कोण कोण आलं होतं?"

"साडेतीनला पोरं आली, झाडू-पाण्याच्या पाळीसाठी. पावणेचारला प्रणोती मॅडम. चारला सर. बस."

"आणि तू?"

"मी काहून करीन, दीदी? बरगीचं धरण झालं, आमचं गाव पाण्यात गेलं तेव्हा बाप आम्हाला घेऊन शहरात आला. तेव्हापासून ही खोलीच गाव आहे. ही गेली तर कुठं जाऊ, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? रिटायर होऊन मला चार वर्षं झाली. माझं घर मोठं आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पण राहणारी एकटी मी. रिकाम्या खोल्यांचं काय करतात ते मलाच माहीत नाही.

वळले तर मागे प्रणोती उभी होती. तिची पिशवी खांद्याला, आणि पिशवीतून कात्रीचं लाल टोक बाहेर आलेलं.

३

प्रणोती दीक्षितपुऱ्यात राहते, बी.एड. करते, शनिवारी सरांच्या मदतीला येते. तिचं आणि सरांचं पटत नाही हे अख्ख्या चर्चला ठाऊक. तिच्या मते पोरं टी-शर्टवर आली तरी चालतील, फक्त यायला हवीत. सर म्हणतात, एकदा सूट दिली की उद्या कोणी उभंच राहणार नाही.

मी तिला सरळच विचारलं. टी.सी. माणूस आडून विचारत नाही. "कात्री कशाला?"

"पोरांना कागदाचे तारे कापायला शिकवते, आँटी. नाताळ आला न." ती हसली, पण डोळे चिडलेले. "मला गणवेशाचा नियम आवडत नाही, हे मी सरांना तोंडावर सांगते. दर आठवड्याला. मग लपूनछपून बटनं काहून कापू? आणि कापली तरी काय? प्रत्येक पोर तुमच्याकडे पळतं आणि पाचला पूर्ण गणवेशात उभं राहतं. एकही शनिवार कोणी घरी गेलं नाही. नियमाला तर ओरखडाही नाही आला."

तिचं बरोबर होतं. ज्याला नियम मोडायचा, तो शर्ट फाडेल, स्कार्फ पळवेल. हा चोर असा, की ज्याच्या चोरीनं कोणाचंच नुकसान होत नव्हतं. मग फायदा कोणाचा होत होता? हे मला कळेना.

"हजेरीची वही दे."

सरांची वही म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल. सप्टेंबरपासून अकरा शनिवार. नऊ शनिवारी शेरा : "एक बटन, शिवून घेतले," आणि पुढे पोराचं नाव. ऑक्टोबरातले दोन शनिवार मात्र स्वच्छ. अकरा आणि अठरा तारीख : "सर्व पूर्ण गणवेशात."

मी त्यावर बोट ठेवलं. "या दोन दिवशी चोर आला नव्हता. कोण गैरहजर होतं?"

प्रणोतीनं आठवून पाहिलं. "मी होते. सर होतेच. तुळशीराम कुठं जातो? पोरंही नऊच्या नऊ, ही बघा हजेरी."

सगळे हजर, आणि चोर गैरहजर. असं कसं होईल?

वही मिटताना भिंतीवर नजर गेली. पोरांचा पाळीचा तक्ता. पथकात कामं पाळीनंच होतात, सरांनीच तशी सवय लावलेली आहे. झाडू कोणाचा, पाणी कोणाचं, झेंडा कोणाचा. तीन रकाने, प्रत्येक आठवड्याचं नाव, प्रथमेशच्या सुबक अक्षरात. त्यांच्या शेजारी पेन्सिलनं ओढलेला चौथा रकाना. त्याच्या माथ्यावर कामाचं नाव नव्हतं. एक छोटं वर्तुळ, आणि वर्तुळात चार ठिपके.

"हे काय?"

"लुडोची पाळी असेल," प्रणोती म्हणाली. "खेळतात न मागे बसून."

मी चष्मा पुसला आणि चौथ्या रकान्यातली नावं वहीतल्या नावांशी ताडून पाहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. नवव्या नावापर्यंत एकही चुकलं नाही. ऑक्टोबरातल्या दोन तारखांसमोर नुसती रेघ होती, आणि पुढच्या तारखेला पुढचं नाव. कोणाची पाळी बुडाली नव्हती.

आजच्या तारखेपुढे लिहिलं होतं : सर.

४

घरी आले, दिवा लावला, भात टाकला एक वाटी. पोरंच करत होती, एवढं कळलं. नऊच्या नऊ. पण काहून? आणि ते दोन शनिवार काहून सोडले?

रविवारी सकाळी चहा घेताना समोर कॅलेंडर होतं. मी पान मागे उलटलं. ऑक्टोबर. अकरा आणि अठरा यांच्यावरून माझीच निळी रेघ गेली होती : "नागपूर. शकुचं ऑपरेशन." शकु माझी धाकटी बहीण. पंधरा दिवस मी तिच्याकडे होते.

सगळे हजर होते, आणि गैरहजर होते मी.

कप खाली ठेवला तो ठेवलाच. गाडीत चाळीस माणसं बसलेली असतात. मी डब्यात शिरले की एखादा मागायच्या आधीच तिकीट पुढे करतो, आणि नेमकी तिथंच गडबड असते. नऊ पोरं आली, आठांनी मी विचारायच्या आत खिशातून बटन काढून दिलं. खरं तुटलेलं बटन कधी कोणाला सापडतं का? ते गटारात जातं, नाहीतर पलंगाखाली. एकट्या प्रथमेशचं, पहिलं, खरंच हरवलेलं होतं. माझ्या बटनांच्या डब्यातलं लावलं होतं मी त्याला. ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. आणि त्या दिवशी जाताना मी त्याला काय म्हणाले, तेही आता आठवलं.

उपासनेला अजून पाऊण तास होता. मी आवारात गेले. यशश्री, पथकातली सगळ्यांत छोटी, दहा वर्षांची, नळापाशी पाण्याच्या बाटल्या भरत होती.

"यशश्री, चौथा रकाना कोणाचा गं?"

बाटली तिच्या हातातून पडली. पाणी माझ्या चपलेवर आलं.

"आँटी, मैं नहीं..."

"मराठीत सांग."

"प्रथमेश भैयाने सांगितलं होतं." ती रडायलाच लागली. "की तुम्ही त्याला बोलल्या... सोमवारपासून तुझ्याशीच पहिल्यांदा बोलून राहिली मी. असं."

हो, तेच म्हणाले होते मी. हसत म्हणाले होते, गंमत म्हणून. पण खरं होतं ते.

"मग?"

"मग सर सांगतात न, रोज एक सत्कृत्य करायचं आणि डायरीत लिहायचं. तर भैयाने पाळी लावली. पण नुसतं कसं येणार तुमच्या घरी? तुम्ही विचारल्या असत्या, काहून आली म्हणून. म्हणून बटन."

तोंडावर कोणी पाणी मारावं तसं झालं मला. सत्कृत्य! म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून दिला, कुत्र्याला भाकरी घातली, रणभिसेबाईला भेटून आलो. मी नानकटाया भाजत होते आणि पोरं डायरी भरत होती. असा राग आला, असा राग आला, की तिथूनच घरी जावं आणि दाराला कडी लावावी.

"आणि सरांचं?"

"आमची सगळ्यांची झाली न. सरही एकटेच राहतात, त्यांचा डबाही छोटा असतो. वाटलं, तेही येतील तुमच्याकडे. पण ते तर तुळशीराम भैयावरच ओरडले." ती हुंदके देत होती. "प्रथमेश भैया आज मीटिंगमध्ये सांगणार आहे, मीच मस्तीत तोडली म्हणून. खरं नाही सांगायचं म्हणाला. खरं सांगितलं तर तुम्हाला कळेल न."

घंटा झाली. मी तशीच ओल्या चपलेनं आत गेले. उपासनेतलं एक अक्षर कानात शिरलं नाही. मी गप्प बसले, तर प्रथमेश जाईल. तो गप्प बसला, तर तुळशीराम. आणि मी बोलले, तर सगळ्या चर्चसमोर मला माझ्याच तोंडानं सांगावं लागेल की या बाईशी आठवडा-आठवडा कोणी बोलत नाही.

५

साडेअकराला हॉल भरला. खुर्चीत भय्यासाहेब, कमिटीचे अध्यक्ष, ऐंशीच्या पुढचे. टेबलावर पुरावा म्हणून सरांचा शर्ट, सरांनी कपाट उघडून आणलेला. तुळशीराम दाराशी उभा, बायको त्याच्या मागे पदर तोंडाला लावून.

सरांनी सगळं सांगितलं. भय्यासाहेब म्हणाले, "कोणाला काही बोलायचं आहे?"

मागच्या बाकावरून प्रथमेश उठला. पंधरा वर्षांचा पोर, ओठ पांढरे पडलेले. "सर, तुळशीराम भैयाने नाही केलं. मी केलं. मस्तीत..."

"बस खाली," मी म्हणाले.

"आँटी, प्लीज."

"बस म्हटलं न! खोटं तिकीट मी तीस वर्षांत चालवून घेतलं नाही." मी उभी राहिले. "भय्यासाहेब, बटनं पोरांनी काढली. नऊही जणांनी मिळून, पाळीनं. तक्ता भिंतीवर आहे, चौथा रकाना बघा. इतक्या शिस्तीत चोरी करणारी पोरं सरांचीच असू शकतात."

कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "पण कशासाठी?"

मी टेबलाची कड धरली.

"माझ्यासाठी. मी एकटी राहते म्हणून. दार वाजत नाही म्हणून. मी त्या पोराला बोलता बोलता सांगून बसले, सोमवारपासून तोंडातून शब्द निघाला नाही म्हणून. त्यांनी मला पाळीत घातलं, झाडू, पाणी, झेंडा आणि मी. मी नागपूरला होते तेव्हाच्या दोन्ही शनिवारी एकही बटन तुटलं नाही. वही बघा."

मला कोणाच्याच तोंडाकडे पाहवेना. म्हणून मी शर्टाकडे पाहून बोलले.

"आणि सर, चोरीचा माल तुमच्याकडेच आहे. प्रत्येक पोराचं बटन त्याच्याच डाव्या खिशात होतं, हरवू नये म्हणून. बघा तुमच्या खिशात."

सरांनी खिशाची पट्टी उघडली, दोन बोटं आत घातली. बटन निघालं. ते तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"मला काहून?" त्यांनी विचारलं. इतका लहान आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

यशश्री नाक पुसत उठली. "सर, तुमचा डबा पण एकट्याचाच असतो न."

सर उठले, दाराशी गेले आणि सगळ्यांसमोर तुळशीरामपुढे हात जोडले. तुळशीराम घाबरून मागे सरला. त्याची बायको मात्र रडायला लागली, मोकळं, मोठ्यानं. भय्यासाहेबांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "खोली त्याचीच राहील. मीटिंग संपली."

मी सरळ निघाले. फाटकापाशी यशश्रीनं मला गाठलं.

"आँटी, तुम्ही रागावल्या?"

"मी कोणाचं सत्कृत्य नाही, यशश्री. डायरीत लिहायला नाही मी."

"पण आम्ही लिहितच नव्हतो," ती म्हणाली. "भैयाने पहिल्यांदा लिहिलं, बस. मग नाही लिहिलं कोणी. मजा येऊन राहिली होती न. तुम्ही ते कटनीच्या साधूची गोष्ट अर्धीच सांगितली मला, ज्याने तिकीट जटेत लपवलं होतं. माझी पाळी परत केव्हा येईल, मी मोजून राहिली होती."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचा शनिवार आला. मी नानकटाया केल्या नाहीत, पण चारपासून खिडकीत बसले. चार, सव्वाचार, साडेचार. समोर पोरं दिसत होती, कडक शर्ट, सात-सात बटनं. सरांनी ताकीद दिली असणार, आणि पोरंही लाजली असणार. आता यायचं कोणत्या कारणानं? कारण मीच भर मीटिंगमध्ये संपवून आले होते. खोली इतकी शांत होती की घड्याळाचा आवाज नकोसा झाला.

पावणेपाचला मी उठले. कपाटातून माझा रेल्वेचा काळा कोट काढला, चार वर्षांनी. कात्रीनं दुसऱ्या बटनाचा धागा नीट कापला, तुकडे वेचले, बटन डाव्या खिशात टाकलं आणि रस्ता ओलांडला.

रांग लागली होती. सर शिट्टी ओठाशी नेत होते. मला बघून थांबले. त्यांच्या शर्टाचं तिसरं बटन त्यांनी स्वतःच लावलेलं दिसत होतं, वाकडं.

"रणभिसेबाई, अपूर्ण गणवेशात रांगेजवळ येता येत नाही."

"माहीत आहे. म्हणूनच आले." मी खिशातून बटन काढून पुढे धरलं. "तुमच्यात कोणाला लावता येतं का रे?"

नऊ हात वर झाले. प्रणोतीनं पिशवीतून सुई काढली, तुळशीरामनं खुर्ची आणून दिली, आणि यशश्री माझ्या पायाशी बसून म्हणाली, "तो साधू, आँटी."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, शिट्टीकडे पाहिलं आणि शिट्टी खिशात ठेवून माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले.

त्या शनिवारी शिट्टी पाच वाजून सात मिनिटांनी झाली.